ध्रुवीय समुद्रतळाचे सूक्ष्मजीव कार्बनच्या साठ्याबद्दल नेमके काय सांगतात?

खाडीपलीकडची, ऐरोली

नमस्कार. मी मुंबईतील एका महाविद्यालयात सागरविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला शिकते. पुढील महिन्यात दादरच्या एका अभ्यासगटापुढे मला मराठीतून पाऊण तास बोलायचे आहे, आणि विषय मीच हौसेने सुचवलेला असल्यामुळे आता माघार घेता येत नाही. आर्क्टिक आणि अंटार्क्टिक समुद्रांच्या तळाशी साचणाऱ्या गाळात किती सेंद्रिय कार्बन साठतो, याचा अंदाज तेथील सूक्ष्मजीवांवरून कसा बांधतात, असा तो विषय आहे.

ठरवताना साखळी अगदी सरळ वाटली होती. ध्रुवीय उन्हाळ्यात वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावते, त्यातले थोडे मरून तळाशी जाते, त्यातलेही थोडे गाळाखाली गाडले जाते आणि तेवढा कार्बन हवेच्या चक्रातून बाजूला पडतो. त्या गाळातले जीव मोजले की साठा समजला. वाचायला बसल्यावर मात्र या साखळीची प्रत्येक कडी सैल निघाली.

माझी मुख्य अडचण अशी आहे. समजा, एका ठिकाणच्या गाळात हे जीव भरपूर सापडले. मग वरून अन्न भरपूर येत होते, म्हणून तेथे कार्बन जास्त साठला असेल असे म्हणायचे, की एवढ्या तोंडांनी ते अन्न संपवले असेल, म्हणून तेथे कमी उरला असेल असे म्हणायचे? दोन्ही अर्थ मला सारखेच पटतात, आणि ज्या लेखांत फोरॅमिनिफेरांना (कवचधारी एकपेशीय जीवांना) किंवा जीवाणूंना ‘निर्देशक’ म्हटले आहे त्यांत हा प्रश्न क्वचितच उघडपणे विचारलेला दिसतो.

दुसरी शंका थंडीबद्दल आहे. आम्हाला शिकवताना ध्रुवीय गाळाची तुलना हमखास शीतकपाटाशी केली जाते: थंडीमुळे जीवाणू मंदावतात, म्हणून कार्बन टिकतो. ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीचा चिखल उघडा पडला की जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो जीवाणूंच्या उद्योगाचा आहे हे मला ठाऊक आहे. तोच उद्योग शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ बंद असतो, असे सांगितले तर चालेल का?

शेवटचे म्हणजे, ध्रुवीय गाळ मला मिळणे शक्य नाही. खाडीच्या चिखलावर एखादा छोटा प्रयोग करून तोच मुद्दा दाखवता येईल का, हेही कोणी सांगावे.

चाळणीवाला, डोंबिवली

तुमच्या प्रश्नाचा मधला भाग, म्हणजे जीव जास्त असतील तर कार्बन जास्त समजावा की कमी, हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो न विचारताच पुढे जाणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. माझी सारी नोकरी चाळणी आणि सूक्ष्मदर्शक यांच्यामध्ये गेली, त्यामुळे मी फोरॅमिनिफेरांपुरतेच लिहितो. जीवाणूंबद्दल येथे माझ्याहून जाणकार मंडळी आहेत.

अभ्यासगटातल्या श्रोत्यांसाठी आधी थोडी ओळख करून द्यावी लागेल. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव असून बहुतेकांचा आकार बारीक वाळूच्या कणाएवढा असतो. काही चुन्याचे कवच करतात, तर काही गाळातले कण एकमेकांना चिकटवून घर बांधतात. जीव मेला तरी कवच गाळात राहते, म्हणून हजारो वर्षांपूर्वी तेथे कोण राहत होते याची नोंद आपल्याला मिळते. जीवाणू अशी नोंद मागे ठेवत नाहीत, हा या जीवांचा मोठा फायदा आहे.

तळावर कोणत्या जातीने राहावे हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: वरून येणारे अन्न आणि गाळातला प्राणवायू. १९९५ मध्ये मांडलेली एक साधी आकृती आजही आम्ही वापरतो. अन्न तुटपुंजे असेल तर सगळे पृष्ठभागावरच खाऊन संपते, खाली काहीच पोहोचत नाही, आणि वस्ती वरच्या सेंटिमीटरभरात अडकून राहते. अन्न बेसुमार असेल तर ते कुजताना प्राणवायू संपतो आणि वस्ती पुन्हा वर ढकलली जाते, फक्त या वेळी तिच्यात प्राणवायूविना तग धरणारे सोशीक जीव असतात. या दोन टोकांच्या मधल्या परिस्थितीत मात्र गाळात चांगली खोलवर वस्ती होते. ग्लोबोब्युलिमिनासारखे जीव त्या खोल थरात राहतात. त्यांच्यापैकी काही प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे नुसत्या संख्येला फारसा अर्थ नाही. कोण आहे आणि किती खोल आहे, हे पाहावे लागते.

ध्रुवीय समुद्रांत हे फार सुंदर दिसते, कारण तेथे अन्न वर्षभर सारखे येत नाही. बर्फाची कड मागे सरकू लागली की त्या उजेडात प्लवकाचा एकदम बहर येतो, आणि काही आठवड्यांत हिरवट लगद्याच्या रूपाने त्याचा एक लोंढा तळाशी पोहोचतो. एपिस्टोमिनेला एक्झिग्वा नावाची एक चिमुकली जात नेमकी या लगद्यात शिरून झपाट्याने वाढते. ती दोन्ही ध्रुवांकडे सापडते, आणि इतक्या अंतरावरच्या नमुन्यांतही तिच्यात जनुकीय फरक फारच थोडा आढळला आहे. नोनिओनेलिना लॅब्राडोरिका ही आर्क्टिकची जातही ताज्या अन्नाच्या जवळ राहते. खाल्लेल्या डायाटमांची (काचेसारखे कवच असलेल्या वनस्पतिप्लवकांची) हरितलवके ती पोटात जपून ठेवते, आणि उजेड जवळजवळ नसलेल्या तळावर हे लोढणे तिला कशासाठी हवे असते, हा एक स्वतंत्र रंजक विषय आहे. उलट एल्फिडियम क्लॅव्हॅटम हिमनदीच्या तोंडाजवळ, वितळपाण्याने गढूळ झालेल्या जागी टिकून राहते, जेथे इतरांना पुरेसे खायला मिळत नाही. एखाद्या फियॉर्डच्या, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोल, अरुंद खाडीच्या, तळात नळी खुपसून काढलेल्या गाळात खालून वर येताना क्लॅव्हॅटम कमी होत जाऊन लॅब्राडोरिका वाढताना दिसली, तर हिमनदी मागे हटली आणि वरचे पाणी अधिक उपजाऊ झाले, असा अर्थ आम्ही लावतो.

हा लोंढा किती मोठा असू शकतो याचे एक उदाहरण तुमच्या भाषणात घ्याच. २०१२ च्या उन्हाळ्यात पोलारस्टर्न या जर्मन जहाजावरील संशोधकांना आर्क्टिकच्या मध्यभागी, सुमारे ४,००० मीटर खोलीवर, मेलोसिरा आर्क्टिका या बर्फाखाली लोंबणाऱ्या डायाटमचे ताजे पुंजके तळावर पडलेले दिसले. बर्फ पातळ होऊन वितळला आणि त्याच्या खालची ही झालर सुटून थेट खाली गेली. तळावरचे समुद्रकाकडीसारखे प्राणी त्यावर चरत होते.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. पंगतीत किती माणसे जेवली आणि वाढप कसे होते, हे उष्ट्या पत्रावळींवरून कळते. कोठीत काय उरले ते कोठीत जाऊनच पाहावे लागते. फोरॅमिनिफेरा या पत्रावळी आहेत. अन्न किती आले, नियमित आले की एकदम आले, ताजे होते की शिळे, हे त्या फार चांगले सांगतात. उरलेला साठा मोजायचा तर गाळातल्या सेंद्रिय कार्बनचे प्रमाण, कोरड्या गाळाची घनता आणि गाळ साचण्याचा वेग या तिघांचा गुणाकार करावा लागतो. त्याला पर्याय नाही, आणि जो लेख जातींच्या यादीवरून थेट टनांवर उडी मारतो त्याच्यापासून सावध राहा.

एक पुस्ती जोडतो. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो आणि असे पाणी चुन्याच्या कवचांना खाते. अंटार्क्टिकाच्या समुद्रबूड जमिनीवर अनेक ठिकाणी म्हणूनच कण चिकटवून घर करणाऱ्या जातीच उरलेल्या दिसतात. तेथे चुन्याची कवचे नाहीत म्हणून अन्नही नव्हते, असा निष्कर्ष काढला तर फसगत होते. पत्रावळी वाऱ्याने उडून गेल्या म्हणून पंगतच झाली नाही, असे म्हणण्यासारखे ते होईल.

गंधक, पवई

चाळणीवाला सरांची पंगत मला आवडली. मी गाळातल्या जीवाणूंवर काम करते, त्यामुळे शीतकपाटाबद्दल लिहिते. ती उपमा तुम्ही भाषणातून काढून टाकावी असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्रातल्या गाळात जीवाणू ठरलेल्या क्रमाने श्वसन करतात. आधी प्राणवायू वापरला जातो, मग नायट्रेट, मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडे, त्यानंतर सल्फेट, आणि अगदी शेवटी मिथेन तयार करणारे आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) कामाला लागतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असल्यामुळे किनारी गाळात कुजणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा सल्फेट-क्षपण करणारे, म्हणजे श्वसनात सल्फेटचे सल्फाइड करणारे, जीवाणू उचलतात. ठाणे खाडीच्या चिखलाचा काळा रंग आणि तो वास, म्हणजे लोहाचे सल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड, ही त्यांचीच निशाणी आहे.

हेच जीवाणू आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहाच्या फियॉर्डमध्येही आहेत आणि ते मुळीच झोपलेले नाहीत. १९९९ मध्ये तेथील गाळातून वेगळ्या केलेल्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांपैकी डेसल्फोटालिया सायक्रोफिला ही जात शून्याखालच्या तापमानातही वाढते. त्याच दशकात तेथे प्रत्यक्ष मोजलेले सल्फेट-क्षपणाचे वेग समशीतोष्ण किनाऱ्यांवरच्या वेगांशी तुलना करण्याजोगे निघाले. कारण साधे आहे: हजारो वर्षे थंडीतच राहणाऱ्या जीवाणूंची वितंचके (एन्झाइम) थंडीसाठीच घडलेली असतात. आपल्या खाडीतला जीवाणू उचलून बर्फात ठेवला तर तो मंदावेल, पण स्वालबार्डचा जीवाणू तेथे घरीच आहे. शीतकपाटाच्या उपमेत ही गोष्ट हरवते, कारण शीतकपाटातले जीवाणू बाहेरून आलेले पाहुणे असतात.

मग ध्रुवीय गाळात कार्बन टिकतो तो कशामुळे? माझ्या मते सर्वात मोठे कारण गाडले जाण्याचा वेग हे आहे. सेंद्रिय कण प्राणवायूच्या संपर्कात किती काळ राहतो, यावर त्याचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरते. हिमनदी दळून आणलेल्या पिठासारख्या बारीक दगडी भुकटीचा थर दरवर्षी वरून पडत असेल, तर प्राणवायूची वरची काही मिलिमीटरांची पट्टी तो कण लवकर ओलांडतो आणि कुजण्याच्या संथ टप्प्यात जाऊन पडतो. शिवाय त्या भुकटीतले लोह आणि मातीचे सूक्ष्म कण सेंद्रिय रेणूंना स्वतःला चिकटवून घेतात, आणि तेथपर्यंत जीवाणूंची वितंचके सहज पोहोचत नाहीत. जगातल्या सगळ्या फियॉर्डमध्ये मिळून दरवर्षी सुमारे १.८ कोटी टन सेंद्रिय कार्बन गाडला जातो, असा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रात गाडल्या जाणाऱ्या एकूण सेंद्रिय कार्बनच्या तो सुमारे ११ टक्के आहे, आणि फियॉर्डनी व्यापलेले क्षेत्र समुद्राच्या एक हजारांशाहूनही कमी आहे. यात नॉर्वे, चिली आणि न्यूझीलंडचे बिगरध्रुवीय फियॉर्डही आले, हे सांगायला विसरू नका. त्यावरूनच दिसते की खरे श्रेय थंडीपेक्षा त्या खोल, अरुंद आणि भराभर भरणाऱ्या भांड्याचे आहे. उलट आर्क्टिकच्या मध्यावरच्या खोल मैदानात थंडी तेवढीच आहे, पण गाळ अतिशय सावकाश साचतो, प्राणवायू गाळात खूप खोलवर मुरतो आणि कार्बन फारसा उरत नाही.

जीवाणू निर्देशक म्हणून वापरायचे असतील तर माझा भर त्यांच्या नावांपेक्षा त्यांच्या कामावर असतो. किरणोत्सारी गंधक वापरून सल्फेट-क्षपणाचा वेग मोजता येतो. तो खर्चाचा आकडा आहे. याहून सोपी खूण म्हणजे गाळातल्या पाण्यातले सल्फेट किती खोलीवर संपते आणि मिथेन कोठे सुरू होतो. ही सीमा पृष्ठभागाच्या जितकी जवळ असेल तितके खाली खाण्याजोगे अन्न जास्त गाडले गेले आहे, असा अर्थ साधारणपणे लावतात.

साधारणपणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. बॅरेंट्स समुद्रातल्या हाकोन मोस्बी या सुमारे १,२५० मीटर खोलीवरच्या चिखल-ज्वालामुखीवर जीवाणूंच्या पांढऱ्या साया पसरलेल्या आहेत आणि मिथेन खाणारे आर्किया दाट वस्ती करून आहेत. पण त्यांचे अन्न खालून वर येते. वरून पडलेल्या प्लवकाशी त्या गर्दीचा संबंध नाही, त्यामुळे तेथे जीवांची संख्या पाहून साठ्याबद्दल बोलणे पूर्णपणे चुकीचे ठरेल.

डीएनएबद्दलही एक इशारा देते, कारण आजकाल गाळ आणला की डीएनए काढायचा अशी रीत पडली आहे. स्वालबार्डच्या गोठणबिंदूजवळच्या गाळात उष्णताप्रिय जीवाणूंचे बीजाणू सापडतात, आणि ते ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उबवल्यावर जागे होऊन काम करू लागतात. हे २००९ मध्ये जगापुढे आले. ते बीजाणू तेथे वाहून आलेले प्रवासी आहेत. कुर्ला स्थानकावर उतरलेल्या माणसांवरून कुर्ल्याची लोकसंख्या ठरवता येत नाही, तसेच हे आहे.

हिशेबनीस, बोरिवली

मी विज्ञानातला नाही. सनदी लेखापाल आहे आणि वरचे सगळे दोनदा वाचले. पंगत, कोठी आणि खर्चाचा आकडा हे समजले. मात्र एक गोष्ट कोणी बोलले नाही. आमच्याकडे कोणाचीही शिल्लक पाहताना त्यातली आरंभीची शिल्लक किती आणि या वर्षी पडलेली भर किती, हे वेगळे काढल्याशिवाय आम्ही सही करत नाही. गाळात मोजलेला सेंद्रिय कार्बन सगळाच नवीन जमा आहे असे धरायला काय आधार आहे? डोंगरातून वाहून आलेला जुना कार्बन त्यात असूच शकत नाही का? प्रश्न बालबोध असल्यास क्षमस्व.

चाळणीवाला, डोंबिवली

हिशेबनीस, प्रश्न बालबोध तर नाहीच. या क्षेत्रातली सर्वात महागडी चूक तुम्ही नेमकी दाखवलीत, आणि मी ती माझ्या पहिल्या उत्तरात सांगायला हवी होती.

स्वालबार्डचेच उदाहरण घेऊ. काँग्सफियॉर्डच्या काठावरचे न्यू-ऑलसुंद हे आज संशोधकांचे गाव आहे. भारताचे हिमाद्री हे केंद्र तेथे २००८ पासून आहे, आणि त्याच फियॉर्डच्या पाण्यात २०१४ मध्ये भारताने इंडआर्क ही नोंदयंत्रांची साखळी सोडली. पण ते गाव मुळात कोळशाच्या खाणीसाठी वसले. नोव्हेंबर १९६२ मधल्या स्फोटात २१ कामगार दगावले आणि त्यानंतर खाण बंद झाली. ज्या खडकांत कोळसा आहे त्याच खडकांवरून हिमनद्या घासत खाली येतात. त्यांनी दळून आणलेल्या पिठात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन मिसळलेला असतो, आणि तो फियॉर्डच्या तळाशी ताज्या प्लवकाच्या शेजारीच बसतो. प्रयोगशाळेतले यंत्र गाळ जाळून कार्बन मोजते, आणि जाळताना या दोघांत फरक करत नाही.

तुमच्या भाषेत सांगायचे तर हा कार्बन एका तिजोरीतून काढून दुसऱ्या तिजोरीत ठेवलेला आहे. तो आधी खडकात सुरक्षित होता, आता गाळात आहे. हवेतून त्यातला एक कणही या वर्षी कमी झालेला नाही, त्यामुळे तो नव्या साठ्यात धरला तर आकडा फुगतो.

दोघांना वेगळे करण्याचा मार्ग म्हणजे किरणोत्सारी कार्बन. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असल्यामुळे कोळशात तो शून्य असतो आणि ताज्या प्लवकात भरपूर. गाळाच्या एकूण सेंद्रिय कार्बनमध्ये तो किती पातळ झाला आहे हे मोजले की जुन्या शिलकीचा वाटा काढता येतो. याच कारणासाठी अशा फियॉर्डमध्ये गाळाचे वय ठरवताना आम्ही एकूण सेंद्रिय कार्बनवर विसंबत नाही, कारण वय हजारो वर्षांनी जास्त येऊ शकते. फोरॅमिनिफेरांची किंवा शिंपल्यांची कवचे वेचून त्यांचे वय काढतात, कारण ती कवचे त्या काळच्या पाण्यातल्या कार्बनची बनलेली असतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१० हे शिशाचे किरणोत्सारी रूप वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे.

आणि येथे तळावरचे सूक्ष्मजीव खरोखर कामाला येतात. कोळशाच्या भुकटीवर फोरॅमिनिफेरा जगत नाहीत. यंत्र सांगते की कार्बन दोन टक्के आहे, पण चाळणीत एल्फिडियम क्लॅव्हॅटमखेरीज फारसे कोणी दिसत नाही, अशी विसंगती दिसली की माझा पहिला संशय जुन्या कार्बनवर जातो. माझ्या लेखी निर्देशक म्हणून त्यांचे सर्वात मोठे मोल या साक्षीत आहे: कोठीत पोती रचलेली दिसत असली तरी त्यांत धान्य आहे की रेती, हे जेवणारे बरोबर ओळखतात.

अंटार्क्टिकाच्या बाबतीत याला आणखी एक भर घालतो. भरकटणारे हिमखंड समुद्रबूड जमिनीवर घासतात आणि नांगरल्यासारखा तळ उलथापालथा करतात. अशा जागेवरून काढलेल्या नळीत वरचे खाली आणि खालचे वर झालेले असते. तिच्यावरून वेग काढणे म्हणजे पाने विस्कटलेल्या खतावणीवरून ताळेबंद मांडणे. जागा निवडण्यापूर्वी तळाचा ध्वनिनकाशा का पाहतात, ते यावरून कळेल.

खाडीपलीकडची, ऐरोली

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. शीतकपाट काढून टाकले आहे. भाषणाची मांडणी आता अशी करते आहे की, आलेले अन्न फोरॅमिनिफेरा सांगतात, खर्च जीवाणूंच्या कामावरून कळतो, शिल्लक प्रत्यक्ष मोजावी लागते, आणि त्या शिलकीतला जुना भाग किरणोत्सारी कार्बनने वजा करावा लागतो. हिशेबनीस सरांचा प्रश्न त्यांची हरकत नसेल तर श्रोत्यांपुढे जसाच्या तसा वाचून दाखवीन.

प्रयोगाबद्दल विचारते. ठाणे खाडीच्या चिखलाच्या दोन नळ्या काढून, एकीत रोझ बेंगॉल रंगाने जिवंत फोरॅमिनिफेरा रंगवून थरांनुसार मोजावेत आणि दुसरीतला सेंद्रिय कार्बन मोजावा, असे मनात आहे. खाडीत फोरॅमिनिफेरांपैकी अमोनिया (वायू नव्हे) या प्रजातीचे जीव मिळतात असे वाचले. चाळणी किती मायक्रॉनची घ्यावी? आणि खाडीतले निष्कर्ष ध्रुवीय गाळाला लावता येतील का?

गंधक, पवई

जातींची नावे आणि आकडे लावता येणार नाहीत, पद्धत लावता येईल. अमोनिया हा निमखाऱ्या पाण्यात आणि सांडपाण्याच्या शेजारीही तग धरणारा जीव आहे. स्वालबार्डच्या तळावर त्याची वाट पाहू नका. शिवाय आपल्या खाडीत येणाऱ्या अन्नाचा मोठा भाग प्लवकाचा नसून शहराच्या सांडपाण्याचा आणि कांदळवनाच्या पालापाचोळ्याचा असतो. तेथे प्राणवायूची पट्टी मिलिमीटरांत मोजावी लागते, म्हणजे सरांनी सांगितलेल्या आकृतीचे बेसुमार अन्नाचे टोक तुम्हाला घरापासून रिक्षाच्या अंतरावर पाहायला मिळेल. हे एक टोक दाखवून मग श्रोत्यांना ध्रुवाकडे नेणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

कार्बन मोजण्यापूर्वी नमुन्याला सौम्य आम्ल देऊन शिंपल्यांचा चुना घालवावा लागतो. तो राहिला तर असेंद्रिय कार्बनही मोजला जातो. नळी काढल्यावर ती उभीच ठेवा. कार्बनसाठीचे थर लगेच बर्फात घाला. थर्माकोलचा खोका आणि बर्फ मासळीबाजारात मिळेल, आणि तो आपल्या प्रयोगशाळेतल्या बर्फाइतकाच थंड असतो.

चाळणीवाला, डोंबिवली

चाळणीचे उत्तर असे: नेहमीच्या तुलनेसाठी १२५ मायक्रॉन पुरते, पण खाली ६३ मायक्रॉनचीही लावा आणि दोन्हींतला माल वेगळा मोजा. एपिस्टोमिनेला एक्झिग्वासारख्या ज्या जाती ताज्या अन्नावर झटपट वाढतात त्या लहानखुऱ्या असतात. केवळ मोठी चाळणी वापरली तर नेमकी तीच साक्ष पाण्याबरोबर मोरीत जाते. श्रोत्यांना हे दोन ढीग शेजारी ठेवून दाखवता आले तर अर्धे भाषण तेथेच होईल.

रोझ बेंगॉलबाबत एवढे लक्षात ठेवा की तो जिवंतपणाला रंगवत नाही, कवचातल्या प्रथिनांना रंगवतो. जीव मेल्यावरही आतला गर काही काळ उरतो, आणि थंड पाण्यात तो जास्त काळ उरतो. म्हणून ध्रुवीय नमुन्यांत ‘जिवंत’ म्हणून मोजलेल्यांत काही मृतही असतात. खाडीच्या ऊबदार चिखलात ही चूक कमी होते. फरक सांगायला हे उदाहरण बरे आहे. गडद गुलाबी आणि शेवटच्या कप्प्यापर्यंत भरलेला असेल तोच मोजा, फिकट दिसला तर सोडून द्या.

आणि चिखलात उतरण्याआधी परवानगीचे पाहा. खाडीचा ऐरोलीकडचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही गेला. तेथून मूठभर गाळ न्यायचा तरी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करावा लागेल. अर्जात नळ्यांची संख्या, खोली आणि ठिकाणे लिहा, सोबत कोण येणार तेही लिहा. त्या चिखलात मांडीपर्यंत पाय जातो, एकटीने उतरू नका. महिनाच हातात आहे, तेव्हा पत्र सोमवारीच द्या.